डाव्या हाताचं पाणी

आसुबोन्तेंगसाहेबांना पोटाचा विकार नव्हता. डॉक्टरांनी दोनदा तपासून तसं सांगितलं होतं. तरी रोज सकाळी ऑफिसात येऊन खिडकी उघडली की साहेबांच्या पोटात दुखायला लागे, कारण खिडकीतून समोरचा जिना दिसे.

जिना दुफिएबाईंच्या ऑफिसचा. खाली औषधाचं दुकान, वर बाई. घानातल्या कुमासी शहरात छोट्या धंदेवाल्यांची कामं करणारे वकील पुष्कळ आहेत, आसुबोन्तेंगसाहेब स्वतः त्यांतलेच, पण माणसं जाऊन बसत ती या बाईच्या जिन्यावर. केशकर्तनवाल्या बायका, गाड्यांचे सुटे भाग विकणारे, शिवणकामवाल्या, शवपेट्या करणारा आमान्क्वा सुतार, अशी सगळी मंडळी पायरीपायरीवर बसून केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे गोळे, आणि तळलेले मासे खात आपला नंबर येण्याची वाट बघत. हसतसुद्धा असत. वकिलाच्या दारात बसून माणूस हसतो, हे साहेबांनी लंडनच्या डिप्लोमातही कुठे वाचलं नव्हतं.

साहेबांचं ऑफिस म्हणजे काय विचारता! थंड हवेचं यंत्र, जमिनीवर गालिचा, भिंतीवर तो लंडनचा डिप्लोमा, आणि दाराशी विडा नावाची सेक्रेटरी, जी येणाऱ्याला आधी 'अपॉइंटमेंट आहे का?' असं विचारी. आत गेलं की साहेब घड्याळाकडे पाहून म्हणत, "थोडक्यात सांगा." लोक इतकं थोडक्यात सांगत की पुढच्या वेळी यायचेच नाहीत.

"त्या बाईकडे आहे काय?" साहेब घरी फुफूचा गोळा चिवडत बायकोला विचारत. "गालिचा नाही. पंखा आहे तो कुरकुरतो. रस्त्यावर ऐकू येतो."

पोकुआ सूप वाढत म्हणे, "तुम्हाला रस्त्यावर ऐकू येतो म्हणजे तुमच्याकडे बरीच शांतता असणार."

पोकुआ आचिआ नावाच्या मैत्रिणीबरोबर तिच्या घरामागे पाव भाजायचा धंदा करी. बोलायला लागली की पिठापासून सुरू करी आणि पिठापाशी थांबत नसे, म्हणून साहेबांनी तिलाही 'थोडक्यात सांग'ची सवय लावली होती.

पोटदुखी तशीच चालली असती, पण मधेच आफ्राकोमाबाईंची बातमी आली. आफ्राकोमाबाई म्हणजे मोठ्या बाजारातल्या कांदेवाल्यांची पुढारी. बाजारात सगळे तिला आईच म्हणत. तिच्या जमिनींची कामं साहेबांनी अनेक वर्षं केली होती, आणि तिच्यामुळेच बाजारातली बाकीची अशिलं टिकून होती. ही बाई आता मंडप आणि खुर्च्या भाड्यानं देण्याची कंपनी काढणार होती. कुमासीत शनिवार उजाडला की गल्लोगल्ली मयताचे कार्यक्रम असतात, हजार-हजार माणसं काळे-तांबडे कपडे घालून बसतात, आणि ती काही हवेत बसत नाहीत. खुर्च्यांचा धंदा म्हणजे सोन्याची खाण. आणि त्या कंपनीचं काम आई दुफिएबाईकडे देणार म्हणे!

ही बातमी खालच्या मजल्यावरच्या फोकुओ न्हाव्यानं साहेबांच्या मानेवर वस्तरा ठेवून सांगितली, म्हणून साहेब उडी मारू शकले नाहीत.

"कोण म्हणालं?"

"बाजारात बोलतात. साहेब, हलू नका."

आई गेली तर बाजार गेला, बाजार गेला तर ऑफिस गेलं, आणि ऑफिस गेलं तर राजधानीत, आक्राला, मेहुण्याच्या ऑफिसात जाऊन त्याच्या हाताखाली बसायचं. तो मेहुणा साहेबांच्या लग्नात चौथीत होता. हे सगळं साहेबांना एका वस्तऱ्याच्या फटक्यात दिसलं.

"फोकुओ, तुला माझं एक काम करायचंय. त्या बाईकडे अशील म्हणून जा. काहीतरी खोटी अडचण सांग. आणि तिच्यात असं काय आहे, ते नीट बघून ये."

फोकुओला असली कामं मनापासून आवडत. तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. साहेब खिडकीत उभे राहिले. दुपार झाली तरी तो जिन्यावरच, आमान्क्वा सुताराच्या थाळीतला मासा खात बसलेला. संध्याकाळी परत आला तेव्हा त्याचा चेहरा नुकताच चर्चमधून आल्यासारखा उजळला होता.

"काय पाहिलंस?"

"साहेब, मी दुकान रजिस्टर करतोय."

"तुला हेरगिरीला पाठवलं होतं!"

"हो ना. मी खोटंच सांगायला गेलो होतो. भावानं जमीन लाटली वगैरे. पण तिनं बसवलं, पाणी दिलं, म्हणाली, आमच्याकडे सगळं बरं आहे, तुमचं येणं कसं झालं? मी तोंड उघडलं तर खरंच बाहेर आलं. वस्तरे, भाडं, बायकोच्या भावाला दिलेली खुर्ची, सगळं."

"पण तिच्यात विशेष काय आहे?"

फोकुओनं बराच विचार केला. "पाणी थंडगार होतं," तो म्हणाला.

असल्या साक्षीदारावर कुठलंही कोर्ट विश्वास ठेवणार नाही. साहेबांनी स्वतःच निष्कर्ष काढला, आणि मत्सराच्या भरात माणूस जसा काढतो तसाच काढला. दुफिएबाईची पाटी! ती साहेबांच्या पाटीपेक्षा वीतभर मोठी होती. वकिलानं स्वतःची जाहिरात करू नये असा नियम आहे, साहेबांना तो पाठ होता, आणि एरवी ते तो दुसऱ्यांना मोठ्यानं म्हणून दाखवत. पण पाटी म्हणजे जाहिरात नव्हे, पाटी म्हणजे माहिती, असा युक्तिवाद त्यांनी स्वतःपुढे केला आणि स्वतःच्या बाजूनं निकाल दिला.

रंगारी आला. त्याला नुसती अक्षरं रंगवणं म्हणजे हाताचा अपमान वाटे. "साहेब, चेहरा काढू. चेहऱ्याशिवाय लोकांचा विश्वास बसत नाही. आमान्क्वाच्या दुकानावर शवपेटीसुद्धा हसरी काढलीय मी."

पाटी झाली. दोन दारांएवढी. तिच्यावर कोर्टातला पांढरा विग घातलेले आसुबोन्तेंगसाहेब जरा तिरळे बघत होते, पण ते समोरच्या जिन्याकडे बघत असल्यामुळे साहेबांना ते खरंच वाटलं. त्या दिवशी जिन्यावरची सगळी मंडळी मान वर करून पाटीकडे बघत होती. साहेब सुखावले. मग मंडळी हसायला लागली.

दुसऱ्याच आठवड्यात नगरपालिकेची माणसं लाल रंगाचा डबा घेऊन आली आणि त्यांनी पाटीवर 'हटवा' असं लिहिलं. मोकळी जागा कपाळावरच होती, तिथेच लिहिलं. परवानगी कुठे आहे, असं विचारून ती निघून गेली. शहरातल्या निम्म्या धंद्यांना परवानग्या काढून देणाऱ्या वकिलाकडे स्वतःच्या पाटीची परवानगी नव्हती. जिन्यावर त्या दिवशी सणासारखं वातावरण होतं.

साहेब कोट घालून पालिकेत गेले. खिडकीमागच्या कारकुनानं सांगितलं की पाटीच्या परवानगीसाठी धंद्याचा दाखला लागतो.

"तो काढायला काय लागतं?"

"जागेची पाहणी."

"मग करा पाहणी."

"पाहणीला माणूस येतो साहेब, पण त्याला जागा सापडायला बाहेर पाटी लागते. परवानगीची."

साहेबांनी खिडकीची कड घट्ट धरली. "मी वकील आहे," ते म्हणाले.

"तेच तर," कारकून सहानुभूतीनं म्हणाला. "तुमच्या वतीनं बोलायला कुणालाच आणलं नाहीत? समोरच्या दुफिएबाई येतात कधीकधी लोकांबरोबर. त्यांचं लवकर होतं."

घरी येताना साहेबांनी टॅक्सीची काच इतक्या जोरात वर केली की हँडल हातात आलं. ड्रायव्हरनं ते मागून घेतलं आणि वर ऐकवलंही.

पाटी उतरवायची ठरली, पण जिन्यासमोर नाही. रविवारी, सगळे चर्चला गेल्यावर, साहेब आणि फोकुओ शिडी लावून चढले. फोकुओनं वरचे खिळे आधी काढले, खालचे ठेवले, का ते त्यालाच ठाऊक. पाटी वाकली. साहेबांना दिसलं की आपला चेहरा रस्त्यावर पडतोय. दुसरं काही पडत असतं तर त्यांनी पडू दिलं असतं, पण स्वतःचा चेहरा कोण पडू देतं? त्यांनी उजवा हात पुढे केला. चेहरा वाचला, मनगट मोडलं. पाटी पुढे फोकुओनं दुकानाच्या मागच्या दाराला लावली, आणि साहेबांचा उजवा हात प्लास्टरमध्ये बांधून गळ्यात अडकवला गेला.

आता एक लक्षात घ्या. कुमासीत डाव्या हातानं कुणाला काही देणं म्हणजे सरळ अपमान. बोलायला न लागलेल्या पोरालासुद्धा हातावर फटका मारून शिकवतात. ज्याचा उजवा हात खरोखरच निकामी आहे, तोही आधी 'डाव्याची माफी असावी' म्हणतो आणि मगच डावा पुढे करतो. साहेब तीन-चार दिवस सगळ्यांना तसं म्हणत होते. टॅक्सीवाल्याला म्हणाले, विडाला म्हणाले, केळं देताना शेजारच्या बकरीलाही म्हणाले.

याच दिवसांत पोकुआनं तिचा सल्ला दिला. "घरी माझी मावशी आली तर तुम्ही आधी बसवता, पाणी देता, मग विचारता, येणं कसं झालं. ऑफिसात मात्र माणूस दारात असतानाच विचारता, काय काम आहे. आपल्यात कुणी असं करतं का?"

"तुला फोकुओनं सांगितलं?"

"मला कशाला कुणी सांगायला हवं?" पोकुआ म्हणाली, आणि का कोण जाणे, पिठाकडे वळली.

साहेबांना सल्ला पटला नाही, पण समोरचीला थंड पाणी परवडतं तर आपल्याला का नाही, हा मुद्दा त्यांना नेमका लागला. त्यांनी छोटा फ्रीज आणला, काचेचे ग्लास आणले. आणि विडा पालिकेत कसलीशी पावती आणायला गेली होती, त्याच सकाळी दारात आफ्राकोमाबाई उभ्या राहिल्या. अपॉइंटमेंटशिवाय, एकट्या, चांगलं कापड नेसून.

साहेबांनी जन्मात पहिल्यांदा अशिलाला स्वतः खुर्ची ओढून दिली. बाईंनी भुवया वर केल्या, पण बसल्या. साहेब फ्रीजकडे धावले. ग्लास भरला. तेवढ्यात फोन वाजला. पालिकेचा तो कारकून! त्याला साहेब आठवडाभर फोन करत होते. फोन खांद्यात धरून साहेब 'हो हो, दाखला, पण पाहणी,' असं म्हणत वळले, आणि त्यांनी ग्लास बाईंपुढे धरला. डाव्या हातानं. काहीही न म्हणता. बाईंकडे न बघता.

बाईंनी ग्लासाकडे बघितलं. हाताकडे बघितलं. मग साहेबांकडे. एरवी त्या त्यांना 'लॉयर' म्हणत, आज नुसतं नाव घेतलं.

"क्वाजो," त्या म्हणाल्या, "माझी आई वारली तेव्हाही मला कुणी असं पाणी दिलं नव्हतं."

आणि उठून गेल्या. साहेब ग्लास घेऊन आपला जिना उतरून रस्त्यापर्यंत धावले, तेही डाव्याच हातात घेऊन, म्हणजे होता नव्हता तो प्रकार रस्त्यावरही सगळ्यांनी पाहिला.

दुपारी फोकुओ वर आला. बाजारात गोष्ट अशी होती की साहेबांनी आईच्या अंगावर डाव्या हातानं पाणी फेकलं. संध्याकाळपर्यंत पाणी उकळतं झालं होतं.

"मी जातो आणि माफी मागतो," साहेब घरी म्हणाले. त्यांचा आवाज खरंच खाली गेला होता. मत्सर वगैरे बाजूला राहिला. आई त्यांना कधी वाईट बोलली नव्हती. पहिल्या वर्षी, ऑफिसात एकही अशील नव्हतं तेव्हा, ही बाई कांद्याचं पोतं घेऊन आली होती आणि म्हणाली होती, तुझ्याकडे वेळ आहे ना, मग माझी जमीन बघ.

"तुमची माफी तुम्हीच मागणार?" पोकुआनं विचारलं. "असं कुणी करतं? कुणीतरी मोठं माणूस पुढे घालावं लागतं. ज्याचं त्या ऐकतात असं."

"त्यांच्या पास्टरला घेऊन जाऊ."

"पास्टर जर्मनीत आहेत."

"त्यांची थोरली बहीण?"

"त्या दोघी बोलत नाहीत. घरच्या भांडणावरून." पोकुआनं हात पुसले. "एकच माणूस आहे. बाजारातल्या गाळ्यांची भांडणं जिनं मिटवली, आणि आई जिच्या शब्दाला मान देतात."

साहेबांना उत्तर कळलं. "त्यापेक्षा मेहुणा बरा," ते म्हणाले. पण बोलताना त्यांना मेहुण्याचं ऑफिस डोळ्यांपुढे दिसलं असावं, कारण सकाळी ते रस्ता ओलांडून समोरच्या जिन्यापाशी उभे होते.

त्यांना बघून आमान्क्वा सुतारानं सरकून पायरीवर जागा केली. "बसा साहेब. हात कसा आहे?"

साहेब कोटासकट पायरीवर बसले. तिथून त्यांची स्वतःची खिडकी दिसत होती. रोज आपण तिथे उभे राहून इकडे बघतो, हे इथल्या प्रत्येकाला दिसत असणार, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

"काय हो," त्यांनी न राहवून विचारलंच, "ही बाई तुमच्यासाठी असं काय करते?"

आमान्क्वानं मासा खाली ठेवला. "मागच्या साली मी भागीदारावर खटला भरायला आलो होतो. बाई माझ्या दुकानात आली. शवपेटीवर बसून सगळं ऐकलं. म्हणाली, खटला नको, दोघं मिळून एकदा जेवा. आम्ही जेवलो."

"आणि फी?"

"तीही जेवली ना."

ही काय वकिली झाली, असं साहेबांच्या ओठांवर आलं, तोच वरचं दार उघडलं. आतून पोकुआ बाहेर आली. त्यांची पोकुआ! हातात पावाची पिशवी, चेहरा फोकुओसारखाच उजळलेला. नवऱ्याला पायरीवर बघून ती जागच्या जागी थिजली.

"तू इथे?" साहेबांचा आवाज चिरकला. "तुझा नवरा वकील आहे!"

"पावाच्या धंद्याचं आचिआबरोबर करारपत्र करायचं होतं," पोकुआ म्हणाली. "तुमच्या ऑफिसात फोन केला होता. विडानं पुढच्या महिन्यातली तारीख दिली."

जिन्यावर कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं साहेबांना वाटलं. मत्सर म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे, असा त्यांचा इतके दिवस समज होता. अशिलं गेली तेव्हा पोटात दुखलं होतं. हे छातीत दुखलं.

आत पंखा कुरकुरत होता. दुफिएबाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि ते पिऊन होईपर्यंत एक शब्दही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्याकडे सगळं बरं आहे, सर. आपलं येणं कसं झालं?"

साहेबांनी मुद्देसूद निवेदन तयार केलं होतं. पहिला मुद्दा तोंडात होता. पण बाहेर आलं ते असं: "मला तुझा हेवा वाटतो. दोन वर्षं. रोज. माझी बायकोसुद्धा तुझ्याकडे येते."

ते बोलून साहेब स्वतःच दचकले. दुफिएबाई हसल्या नाहीत. "पाणी आणखी देऊ का?" त्यांनी विचारलं. साहेब दुसराही ग्लास प्यायले, आणि मग डाव्या हाताची सगळी हकीकत सांगितली. थोडक्यात नाही, अगदी पहिल्यापासून.

पुढच्या दिवशी दुपारी तिघं आफ्राकोमाबाईंच्या अंगणात जाऊन बसले. दुफिएबाई पुढे, पोकुआ माफी मागताना द्यायची श्नॅप्स दारूची बाटली घेऊन, आणि मागे साहेब. माफी मागायला जाणारा पुरुष चपला काढतो आणि अंगाभोवती गुंडाळलेलं पारंपरिक कापड खांद्यावरून खाली घेतो, ही रीत. साहेबांनीही घेतलं. पण एका हातानं कापड सांभाळणं अवघड, त्यामुळे ते नम्रतेला लागतं त्याहून बरंच खाली यायला लागलं, आणि पोकुआ मागून चिमटीत धरून बसली.

पाणी आलं. आईंनी ते सगळ्यांना दिलं, साहेबांनाही दिलं, उजव्या हातानं, जरा जास्तच उजव्या हातानं. मग त्यांनी येण्याचं कारण विचारलं आणि दुफिएबाई बोलायला लागल्या. ज्याच्यासाठी माफी मागायची त्यानं गप्प बसायचं असतं. तीस वर्षं बोलून पोट भरलेल्या माणसाला ही शिक्षाच होती.

"आई," दुफिएबाई म्हणाल्या, "या माणसाचा उजवा हात मोडला तो स्वतःच्या खुळ्या अभिमानापायी. ते मी नाकारत नाही. डावा पुढे झाला तो फोनच्या गडबडीत. तेही खरं. पण तुमच्या जमिनीवर चार जणांनी दावा लावला होता, तेव्हा जुन्या कागदातली एक ओळ कुणी शोधली? यांनी. जमिनीचा कागद यांच्याइतका नीट वाचणारं या शहरात कुणी नाही. मी स्वतः कागद लिहिते तेव्हा मनात विचारते, हा रस्त्यापलीकडे गेला तर आसुबोन्तेंगसरांना यातलं भोक दिसेल का? आणि दिसेल असं वाटलं की पुन्हा लिहिते. अशा माणसाचा हात डावा असो की उजवा, त्यानं तुमचं कधी वाईट केलेलं नाही. पाणी त्यानं चुकीचं दिलं. पण त्यानं स्वतः उठून दिलं, हेही बघा. ऑफिसात आजवर ते त्यानं कुणाला दिलं नव्हतं."

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते का आलं हे त्यांना कळेना. हा जो कोण आसुबोन्तेंग म्हणून माणूस आहे, त्याच्याकडे आपलं काम द्यावं असं त्यांना वाटलं. आणि त्याच क्षणी पुन्हा पोटात दुखलं: असं बोलायला हिला कुणी शिकवलं? आपल्याला का नाही येत?

आईंनी बाटली उचलून आपल्या बाजूला ठेवून घेतली. "झालं गेलं," त्या म्हणाल्या. "लॉयर, कापड वर घे. सर्दी होईल."

लॉयर! साहेबांच्या जिवात जीव आला.

"त्या दिवशी मी खुर्च्यांच्या कंपनीचं काम तुला द्यायलाच आले होते," आई पुढे म्हणाल्या. "बाजारात लोक काहीबाही बोलतात. मी म्हटलं, जुना माणूस तो जुना माणूस."

साहेब अर्धे उठले.

"पण आता हिचं बोलणं ऐकलं. फुकटात, आणि तेही आपल्या रस्त्यावरच्या दुसऱ्या वकिलासाठी ही एवढं बोलते. मग माझ्यासाठी किती बोलेल?" आई दुफिएबाईंकडे वळल्या. "पोरी, कंपनीचं काम तू कर. जमिनी लॉयरकडेच राहू देत."

माफी मिळाली की उठून सगळ्यांशी हात मिळवून आभार मानायचे असतात. साहेबांनी मानले. आईंचे मानले, आणि प्लास्टरातली दोन बोटं पुढे करून दुफिएबाईंचेही मानले, काम हातचं घालवल्याबद्दल.

"सर, मी त्यांना सांगून बघते," दुफिएबाई दारात हळूच म्हणाल्या. त्या खरंच ओशाळल्या होत्या.

"नको," साहेब म्हणाले. "तू सांगायला लागलीस तर त्या त्यांच्या जमिनीही तुलाच देतील."

परतीच्या टॅक्सीत साहेब खिडकीतून बाहेर बघत बसले. जमिनी राहिल्या होत्या, म्हणजे ऑफिस राहणार होतं आणि मेहुणाही टळला होता. पण छातीतलं दुखणं जागेवरच होतं. त्यांनी पोकुआला विचारलं, "पावाच्या करारपत्राचं काय झालं?"

पोकुआनं संशयानं बघितलं. "थोडक्यात सांगू?"

"नको. पिठापासून सांग."

मग पोकुआनं पिठापासून सांगितलं. पीठ कुठून येतं, आचिआ लोणी कसं कमी घालते, नफ्याची वाटणी कशी ठरली, भट्टीचा धूर शेजारणीच्या कपड्यांवर कसा जातो. ड्रायव्हर कंटाळला, त्यानं रेडिओ लावला. साहेबांनी तो बंद करायला लावला. पोकुआ भट्टीपाशी आली. ती आचिआच्या घरामागे आहे, तिथे आंब्याखाली आचिआचे मावसभाऊ दिवसभर सोंगट्या खेळतात, गेल्या आठवड्यात त्यातला एक दोरी घेऊन भट्टी मोजत होता, मेला आळशी.

साहेब सरळ झाले. "थांब. जागा कुणाची?"

"आचिआची."

"तिला कुणाकडून आली?"

"मामाकडून. मामा वारला ना मागे."

"म्हणजे तिची नव्हेच! मामाची म्हणजे आईकडच्या अख्ख्या कुळाची. कुळाचा वडीलधारा सही करत नाही तोवर तुमचं करारपत्र म्हणजे पाव गुंडाळायचा कागद. भट्टी तुम्ही बांधायची आणि उद्या तो दोरीवाला येऊन म्हणणार, जागा आमची, भट्टीही आमची! हे दुफिएनं विचारलं नाही?"

"मी दोरीचं सांगितलंच नाही तिला," पोकुआ म्हणाली. "बाहेर रांग होती. आमान्क्वा दार वाजवत होता." तिनं नवऱ्याकडे बघितलं, आणि बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा त्यांच्यामुळे उजळला. "अहो, केवढं वाचवलंत! ती भट्टी गेली असती तर आम्ही दोघी संपलो असतो. हे तिच्यासुद्धा लक्षात आलं नाही."

आसुबोन्तेंगसाहेबांच्या अंगात किती दिवसांनी एवढं बळ आलं. कापड खांद्यावरून घसरलं, त्यांनी ते घसरू दिलं.

"उद्या तू तिच्याकडे जा," ते म्हणाले.

"आता कशाला? तुम्हीच करा की माझं काम."

"ते मी करीनच. पण तू जा, बस, पाणी पी, आणि मग तिला हे भोक दाखव." त्यांनी पोकुआचा हात धरला, डाव्या हातानं. "आणि ते कुणी काढलं, हे जरा मोठ्यानं सांग. जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं."